मेळघाटात रुजू होणाऱ्या नव्या सिस्टरला

धारणीकडे रुजू झालीस की आधी आशाताईकडून कोरकूतली रोजची दहा-बारा वाक्यं शिकून घे. बाळाच्या पोटावर डंब्याचे, म्हणजे आजारावर उपाय म्हणून तापल्या लोखंडानं डागल्याचे, चटके दिसले, तर आईवर ओरडू नकोस; ओरडलीस तर पुढच्या तापाला ती तुझ्याकडे येणारच नाही. जखम स्वच्छ कर, श्वास मोज. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त भरले, तर लगेच वरच्या दवाखान्यात पाठव. भूमकाशी, म्हणजे गावातल्या पारंपरिक वैदूशी, ओळख ठेव. लोक आधी त्याच्याकडेच जातात, त्यामुळे त्यानं पाठवलेलं मूल वेळेत पोचतं. डागणं मात्र थांबलंच पाहिजे, तिथे तडजोड नाही. सासूशीही बोल, दवाखान्यात न्यायचं की नाही हे पुष्कळदा तीच ठरवते. आणि बाळाच्या जन्मानंतर 42 दिवसांपर्यंतच्या गृहभेटी, पावसाळ्यातही, चुकू देऊ नकोस.