गरम झाली की बंद पडणारी गाडी: फ्युएल पंप बदलायला होकार देण्याआधी

तुमचं वर्णन वाचलं आणि आमच्या जुन्या गाडीचाच आजार ओळखीचा वाटला. तुमची नऊ वर्षांची पेट्रोल-सीएनजी गाडी, पाऊण तास ट्रॅफिकमध्ये रखडली की सायनच्या आसपास चावी फिरवल्यासारखी बंद, वीस मिनिटं थांबलं की पहिल्या सेल्फला चालू. आणि सर्व्हिस सेंटर म्हणतंय, फ्युएल पंप (टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल ढकलणारा) बदला. इतक्यात हो म्हणू नका.

तुम्हीच लिहिलंय की गॅसवर आणि पेट्रोलवर दोन्हीकडे सारखीच बंद पडते. मग पेट्रोलच्या पंपाचा संबंध येतो कुठे? गॅसवर असताना इंजिनाला इंधन सिलिंडरमधून, गॅसचा दाब कमी करणाऱ्या रिड्यूसरमार्गे मिळतं. पंप मेला तरी गाडी गॅसवर चालत राहायला हवी. शिवाय पंप जाताना आधी पिकअप पडतो, फ्लायओव्हरच्या चढावर गाडी झटके खाते, मग बंद होते. एका क्षणात गप्प होणं हे बहुतेक वेळा विजेचं दुखणं असतं.

बॅटरीचे टर्मिनल, अर्थिंगची पट्टी वगैरे तुम्ही बघितलंच असेल, त्यात शिरत नाही. बंद पडते त्या क्षणी डॅशबोर्ड मात्र नीट बघा. सगळे दिवे विझले तर इग्निशन स्विच किंवा मुख्य सप्लाय (चावीला जाडजूड जुडगा लटकत असेल तर आधी तो काढा). ऑइल आणि बॅटरीचे दिवे लागले, म्हणजे वीज आहे, इंजिन थांबलंय. आता आरपीएमचा काटा. गाडी गिअरमध्ये आहे, क्लच दाबलेला नाही, म्हणजे चाकं इंजिनाला अजून फिरवतायत, आणि तरी काटा धाडकन शून्यावर आला, तर माझा संशय क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरवर, म्हणजे इंजिनाचा दांडा फिरतोय का हे टिपणाऱ्या सेन्सरवर. तो गप्प झाला की इंजिन फिरतंय हे ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) कळतच नाही, म्हणून ईसीयू स्पार्क आणि इंजेक्टर दोन्ही बंद करतो. सेन्सरच्या आतली बारीक तार किंवा सर्किट तापलं की तुटतं, निवलं की जुळतं. वीस मिनिटांचं कोडं ते हेच.

खात्री करायला मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतो तसला साधा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीच्या सॉकेटला लावून ईसीयूची माहिती वाचणारा) आणि मोबाइल पुरतो. गाडी बंद पडल्यावर लगेच, निवायच्या आत, सेल्फ मारताना लाइव्ह डेटात आरपीएम बघा. सेल्फ फिरतोय आणि आरपीएम शून्य, तर सिग्नल येत नाही. शंभर-दोनशे किंवा जास्त दिसला तर सेन्सरला सोडा. कॉइल, रिले, इंजेक्टरकडे वळा. आणखी एक गॅरेजी उपाय: सेन्सरवर गार ओलं फडकं दोन-तीन मिनिटं धरा. लगेच चालू झाली तर चोर सापडला. पाणी एक्झॉस्टवर किंवा कनेक्टरमध्ये जाऊ देऊ नका, हात भाजेल तो वेगळाच. दोन तारांचा सेन्सर असेल तर मल्टिमीटरने थंड आणि गरम असा दोनदा ओहम मोजा. गरम असताना सर्किट उघडं, म्हणजे तुटलेलं, दाखवलं की विषय संपला. तीन तारांच्या, आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेल्या हॉल सेन्सरवर ओहम मोजू नका, तिथे सप्लाय आणि अर्थिंग तपासायचं.

आता माझा राग. आमच्या गाडीच्या वेळी एका वर्कशॉपने (नाव घेत नाही) आधी थ्रॉटल बॉडी साफ केली, मग बॅटरी बदलायला लावली, मग पंप. दर वेळी गाडी रात्रभर शेडमध्ये उभी, सकाळी थंड इंजिनाला स्कॅनर लावायचा आणि सांगायचं, ‘कोड नाही, गाडी ओके.’ अहो, थंड गाडीत हा दोष दिसणार कसा? आणि कोड नाही याला काडीचा अर्थ नाही. सिग्नल गेला की काही गाड्यांचा ईसीयू समजतो, इंजिन बंद केलंय. मग पी०३३५ हा क्रँक सेन्सरच्या दोषाचा कोड नोंदवलाच जात नाही. म्हणून जॉब कार्डावर ‘गाडी बंद पडते’ एवढंच लिहू देऊ नका. ‘४५ मिनिटं चालल्यावर, गरम असताना, गॅस आणि पेट्रोल दोन्हीवर बंद, थंड झाल्यावर चालू, स्कॅनर लावून रोड टेस्ट हवी’ असं स्वतः लिहून घ्या. पार्ट बदलला तर जुना परत मागा. आम्हाला तो कधी दिसलाच नाही.

सेन्सर निघाला तर कंपनीचाच घाला. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना मिळेलही, पण तोही तितकीच वर्षं तापलेला असणार. माझ्या मते हा पार्ट जुना घेण्यातला नाही. काढताना टोकाला लोखंडाचा कीस चिकटलाय का, कनेक्टरमध्ये ऑइल उतरलंय का, तारेची वेणी एक्झॉस्टला टेकतेय का, ते बघा. उंदरांनी कुरतडलेली तार तर आपल्या सोसायट्यांत नित्याची. तशी निघाली तर सेन्सर निर्दोष. काही मॉडेल्सना नव्या सेन्सरनंतर स्कॅनरवरून रीलर्न (ईसीयूला नव्या सेन्सरची ओळख करून देणं) लागतं, आधी विचारून घ्या.

जाता जाता: फक्त गॅसवरच बंद पडत असती तर मी गॅसचा फिल्टर, रिड्यूसर आणि स्पार्क प्लगची गॅप आधी बघितली असती. आणि चालू रस्त्यात बंद पडली तर ब्रेक पंप करू नका. ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरताच व्हॅक्यूम उरतो, स्टिअरिंगही जड होतं. हॅझर्ड लावून डावीकडे घ्या आणि थांबेपर्यंत चावी लॉकवर नेऊ नका. मिलन सबवेसारख्या ठिकाणी साचलेल्या पाण्यात बंद पडली तर मात्र हे सगळं विसरा आणि सेल्फ मारूच नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

गाडी न बघता लिहितोय, तेव्हा हे निदान नव्हे, संशय समजा. सेल्फ मारताना आरपीएम किती दिसला आणि सेन्सर दोन तारांचा आहे की तीन, एवढं कळवा.