प्रायोजकाचे नाव बातमीत का येत नाही?

प्रश्न : आमची कंपनी जिल्ह्यातील एका अर्धमॅरेथॉनची मुख्य प्रायोजक आहे. स्पर्धेची बातमी वृत्तपत्रांत ठळकपणे येते, पण तीत कंपनीचे नाव क्वचितच असते. जनसंपर्काचे काम माझ्याकडे असल्याने व्यवस्थापन मला जाब विचारते. ‘जाहिरात देतो, बातमीत नाव घ्या’ असे वृत्तपत्रांना सांगावे, अशीही सूचना आली आहे. काय करावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ती सूचना कृपया मान्य करू नका. जाहिरात आणि बातमी वाचकाला स्पष्टपणे वेगळी ओळखता आली पाहिजे, असा भारतीय प्रेस परिषदेचा दंडक आहे आणि तो योग्यच आहे. जाहिरात जरूर द्या, पण जाहिरात विभागाकडे, ठरलेल्या दराने. बातमीदारापुढे तो विषय काढलात, तर आपल्या पुढच्या प्रत्येक प्रसिद्धीपत्रकाकडे तो संशयानेच पाहील.

आपले प्रसिद्धीपत्रक एकदा उपसंपादकाच्या नजरेने वाचून पाहा. बहुतेक पत्रकांत पहिले दोन परिच्छेद प्रमुख पाहुण्यांच्या भाषणाचे असतात, निकाल मधेच कुठेतरी येतो आणि प्रायोजकाचे नाव आभाराच्या शेवटच्या ओळीत असते. जागा कमी पडली की बातमी खालून कापली जाते, त्यामुळे पहिला बळी त्या ओळीचाच जातो. विजेत्याचे नाव, त्याचे गाव आणि त्याने नोंदवलेली वेळ पहिल्या वाक्यात द्या आणि त्याच वाक्यात स्पर्धेच्या नावाचा भाग म्हणून कंपनीचे नाव येऊ द्या. मुंबई मॅरेथॉन 2004 पासून स्टँडर्ड चार्टर्डच्या आणि 2018 पासून टाटांच्या नावाने ओळखली जाते; तिथे प्रायोजकाचा उल्लेख वेगळा करावा लागत नाही. मात्र नाव एक-दोन शब्दांचेच ठेवा. ‘प्रायव्हेट लिमिटेड’पर्यंतचे संपूर्ण नाव, त्यापुढे कुणाचे स्मरण आणि त्यापुढे चषक, अशी लांबण लावली की बातमीत केवळ ‘मॅरेथॉन’ उरते.

छायाचित्राचेही तसेच आहे. मोठा धनादेश धरून ओळीने उभे असलेले अधिकारी कुणी छापत नाही. अंतिम रेषा ओलांडणारी धावपटू छापली जाते. म्हणून नाव तिच्या छातीवरच्या क्रमांकाच्या कापडावर, आकड्याच्या वर, सुवाच्य अक्षरांत हवे. फीत छातीला लागताच चुरगळते, त्यामुळे केवळ फितीवरच्या नावावर भिस्त ठेवू नका. छायाचित्र आणि संपूर्ण निकाल त्याच दिवशी दुपारच्या आत पोहोचले पाहिजेत, कारण जिल्हा आवृत्तीची पाने लावून झाल्यावर आलेला उत्तम मजकूरही वाया जातो.

परंतु नाव छापून येणे आणि लोकांच्या तोंडी येणे यांत फरक आहे, आणि त्यासाठी ओडिशाचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. 2018 मध्ये त्या राज्य सरकारने भारतीय हॉकी संघांचे प्रायोजकत्व घेतले. 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये पुरुष संघाने जर्मनीला 5-4 असे हरवून 41 वर्षांनी पदक मिळवले, तेव्हा खेळाडूंच्या पोशाखावर ओडिशाचे नाव नव्हते, कारण ऑलिंपिकमध्ये पोशाखावर प्रायोजकाची जाहिरात चालत नाही. तरीही देशभरच्या वृत्तपत्रांनी ओडिशाबद्दल भरभरून लिहिले. हॉकीकडे फारसे कुणी वळत नसताना हे राज्य तिच्या पाठीशी उभे राहिले, भुवनेश्वरला विश्वचषक भरवला आणि खेळाडू घडवण्यावर खर्च केला, ही गोष्टच बातमी होती.

आपल्या कंपनीलाही तिच्या आवाक्यात असे काही करता येईल. स्पर्धेत चमकलेल्या ग्रामीण मुलींच्या वर्षभराच्या प्रशिक्षणाचा आणि बुटांचा खर्च उचला. त्यांच्यापैकी एखादी राज्य स्पर्धेला निघाली की बातमीदार स्वतःहून विचारेल की तिला कोणी मदत केली, आणि त्या उत्तरातले आपले नाव कुणी कापणार नाही, कारण ते कापले तर बातमीच अपुरी राहते. केवळ प्रसिद्धीसाठी एका वर्षापुरते हे करणार असाल, तर मात्र त्या मुलींची आशा वाढवू नका.

राहिला व्यवस्थापनाचा जाब. वृत्तपत्राचा आपल्याशी कोणताही करार नसतो. करार असतो तो आयोजकांशी. स्पर्धेचे अधिकृत नाव, क्रमांकाच्या कापडावरील जागा, पत्रकार परिषदेतील पार्श्वफलक आणि निकाल पाठवण्याची वेळ या गोष्टी पुढच्या करारात कलमवार लिहून घ्या आणि पैशाचा शेवटचा हप्ता त्यांच्या पूर्ततेनंतर देण्याची अट घाला.