वाचकांचे प्रश्न : २० टक्के इथेनॉल आणि आपली जुनी मोटार

प्रश्न : माझ्याकडे २०१४ सालची पेट्रोलवर चालणारी छोटी मोटार आहे. महिन्यातून दोनदा सोलापूरहून पुण्याला जाणे-येणे होते. पूर्वी लिटरला १७ किलोमीटरचे अ‍ॅव्हरेज मिळत असे. आता १५ च्या वर आकडा जात नाही. गॅरेजमधील मिस्त्री म्हणतात की हा पेट्रोलमधल्या इथेनॉलचा परिणाम आहे आणि त्यावर इलाज नाही. हे खरे आहे का? इंजिनाला धोका आहे का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : मिस्त्रींचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्याचा शोध घेतला तर आपले पैसे वाचतील. एक लिटर इथेनॉल जळून जी उष्णता मिळते, ती एक लिटर पेट्रोलच्या उष्णतेच्या साधारण दोन तृतीयांश असते. त्यामुळे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या इंधनात निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के ऊर्जा कमी असते. नीती आयोगाने २०२१ मध्ये इथेनॉल मिश्रणाचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यातही जुन्या बांधणीच्या चारचाकींसाठी अ‍ॅव्हरेजमधील घट ६ ते ७ टक्केच धरलेली आहे. आता आपला हिशेब पाहू. १७ वरून ७ टक्के वजा केले तर १५.८ उरतात. शिवाय जून २०२२ मध्येच देशात सरासरी १० टक्के मिश्रण गाठले गेले होते, म्हणजे आपले १७ चे अ‍ॅव्हरेज त्या काळातले असेल, तर १० वरून २० टक्क्यांवर येताना घट साडेतीन टक्क्यांच्या आसपास भरते आणि आकडा १६.४ च्या खाली जायला नको. आपली घट जवळजवळ १२ टक्के आहे. तिचा मोठा भाग इथेनॉलच्या माथी मारता येणार नाही.

तेव्हा आधी मोजमाप पक्के करावे. एकाच पंपावर, नोझल आपोआप बंद पडेपर्यंत टाकी भरावी, तीन-चारशे किलोमीटर गाडी चालवून पुन्हा तशीच भरावी, आणि हे निदान तीन वेळा करावे. डॅशबोर्डवरील आकड्यावर विसंबू नये. त्यानंतर टायरमधील हवा, एअर फिल्टर, स्पार्क प्लग आणि चाकाला घासत राहणारा ब्रेक या क्रमाने तपासणी करून घ्यावी. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये संपूर्ण प्रवासभर एसी चालू असतो, म्हणून उन्हाळ्यातील आकड्याची तुलना उन्हाळ्याशीच करावी, हिवाळ्याशी नको. दहा-बारा वर्षांच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर मंदावलेला असणेही अगदी शक्य आहे. हा सेन्सर एक्झॉस्टमधील प्राणवायू मोजतो आणि त्यावरून संगणक इंजेक्टरमधून किती इंधन सोडायचे ते ठरवतो. इथेनॉलमध्ये वजनाने सुमारे ३५ टक्के प्राणवायू स्वतःचाच असल्यामुळे या मिश्रणाला जळताना हवा कमी लागते, आणि ती तफावत हाच सेन्सर भरून काढतो. तो नीट असला तर आपल्यासारख्या इंजेक्शनच्या गाडीला २० टक्क्यांचे मिश्रण सांभाळणे जड जात नाही.

इंजिनापेक्षा मला काळजी वाटते ती रबराची. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत या मिश्रणाला टिकणारे सुटे भाग बसवलेले असतात. आपली गाडी त्याआधीची आहे. जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या, ओ-रिंग आणि गॅस्केट इथेनॉलमध्ये फुगतात, पुढे कडक होऊन त्यांना भेगा पडतात. हे एका दिवसात होत नाही, पण जेथून पेट्रोल झिरपते तेथेच तापलेले इंजिन असते, म्हणून या बाबतीत चालढकल नको. दर सर्व्हिसिंगला टाकीपासून इंजिनापर्यंतची नळी हाताने दाबून पाहायला सांगावे आणि गाडीत पेट्रोलचा वास आला तर त्याच दिवशी गॅरेज गाठावे. नळ्या बदलायच्या झाल्यास २० टक्के इथेनॉलला चालणारा भाग आहे याची खात्री करून घ्यावी. इथेनॉलमुळे टाकीच्या तळाचा जुना गाळ सुटतो, तेव्हा इंधनाचा फिल्टरही एकदा बदललेला बरा. इंधनात टाकण्याच्या बाटल्या बाजारात मिळतात, त्यांवर खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही.

माझे स्पष्ट मत असे आहे की, ज्या जिल्ह्यात उसाच्या मळीपासून इथेनॉल तयार होते, त्या जिल्ह्याला या धोरणाचा लाभ कळतोच. परंतु जुन्या गाडीच्या मालकाला पंपावर १० टक्क्यांचा पर्यायही मिळायला हवा, आणि नोझलवर मिश्रणाचे प्रमाण ठळक अक्षरांत लिहिलेले हवे. अ‍ॅव्हरेज घटते त्याचा भार ग्राहकच उचलतो. निदान आपण काय विकत घेतो आहोत ते त्याला कळले पाहिजे.

प्रश्न : वडिलांची कार्ब्युरेटर असलेली जुनी गाडी अक्कलकोटच्या घरी असते. सणावारालाच बाहेर निघते. तिच्यात हे पेट्रोल भरावे का?
– एक वाचक

उत्तर : भरावे, पण साठवून ठेवू नये. कार्ब्युरेटर म्हणजे इंधनात हवा मिसळणारा जुन्या पद्धतीचा भाग. त्याला ऑक्सिजन सेन्सरची जोड नसते, त्यामुळे इंधन सोडणारे त्याचे बारीक छिद्र, म्हणजे जेट, जुन्याच मापाचे राहते आणि इंधनाच्या मानाने हवा जास्त पडते. थंड इंजिन अडखळणे, पिकअप कमी होणे ही त्याची लक्षणे आहेत. जाणत्या मिस्त्रीकडून कार्ब्युरेटरचे ट्यूनिंग करून घेतले, गरजेप्रमाणे जेट बदलले, तर हा दोष बराचसा जातो. उभ्या गाडीचा प्रश्न वेगळा आहे. इथेनॉल हवेतील ओल शोषते, आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की पाणी व इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर होतो. टाकीतून इंजिनाकडे जाणारी नळी नेमकी तळातूनच इंधन ओढते. असा थर झाला तर टाकी रिकामी करण्याखेरीज उपाय नाही. म्हणून पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर झाकण घट्ट असल्याचे पाहावे, टाकी अर्धवट न ठेवता भरून ठेवावी म्हणजे आत ओलसर हवेला जागा कमी राहील, आणि दोन महिन्यांच्या आत ते इंधन संपवून नवे भरावे. तेवढे जमणार नसेल तर टाकीकडून येणारे पेट्रोल बंद करून कार्ब्युरेटरमधील इंधन संपेपर्यंत इंजिन चालू ठेवावे, कारण वाटीत सुकलेले पेट्रोल चिकट होऊन बारीक छिद्रे बुजवते.

प्रश्न : मोजपात्रात १०० मिलिलिटर पेट्रोल घेऊन त्यात १० मिलिलिटर पाणी टाकले. हलवून ठेवल्यावर तळाशी १० ऐवजी जवळजवळ ३० मिलिलिटर पाणी दिसले. ही पंपावाल्याची भेसळ आहे ना?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. इथेनॉलची ओढ पेट्रोलपेक्षा पाण्याकडे अधिक असते. आपण टाकलेल्या १० मिलिलिटर पाण्याने त्यातील सुमारे २० मिलिलिटर इथेनॉल आपल्याकडे ओढून घेतले, म्हणून तळाचा थर वाढला. आपण नकळत मिश्रणाचे प्रमाणच मोजलेत, आणि ते २० टक्क्यांशी जुळते. पाणी न घालताच तळाशी थर दिसला असता तर तक्रार रास्त ठरली असती. हा प्रयोग घरात पुन्हा करू नये. पेट्रोलची वाफ गॅसच्या शेगडीपर्यंत सहज पोहोचते. शंका आली तर पंपावरच फिल्टर पेपरची चाचणी आणि पाच लिटरच्या मापाने मोजणी करून मागावी. तो ग्राहकाचा हक्क आहे आणि ती साधने पंपावर ठेवणे बंधनकारक आहे.