वाचकांचे प्रश्न : 'फोर्ट'चा एफ कॅपिटल की स्मॉल?

प्रश्न : मालवणात आम्ही पाहुण्यांसाठी चार खोल्या चालवतो. इंग्रजी माहितीपत्रक छापताना किल्ला, समुद्र, मासे, सोलकढी अशा सर्व महत्त्वाच्या शब्दांची पहिली अक्षरे आम्ही कॅपिटल केली. मुलगी म्हणते, निम्मी चुकली आहेत. नियम काय आहे? — एक वाचक, मालवण

उत्तर : मुलीचे म्हणणे खरे आहे. शब्द महत्त्वाचा असला म्हणून इंग्रजीत त्याला कॅपिटल अक्षर, म्हणजे पूर्वी शाळेत जिला पहिली लिपी म्हणत ते, मिळत नाही. ते विशेषनामाला मिळते. देवनागरीत असा लिपीभेदच नसल्याने सामान्यनाम आणि विशेषनाम यांतला फरक आपण व्याकरणाच्या तासाला पाठ करतो, पण लिहिताना तो हाताला कधी जाणवत नाही.

'सिंधुदुर्ग फोर्ट' असे पूर्ण नाव लिहिताना एस आणि एफ दोन्ही कॅपिटल हवेत, कारण तेथे 'फोर्ट' हा नावाचाच भाग झाला आहे. मात्र पुढच्या ओळीत 'फोर्टपर्यंत होडीने जाता येते' अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य असेल, तर त्यातला एफ स्मॉल. 'अरेबियन सी' आणि नुसता 'सी' यांचेही तसेच. (जर्मनमध्ये प्रत्येक नामाला कॅपिटल अक्षर देतात; त्या भाषेत तुमचे पत्रक बरेचसे बिनचूक ठरले असते.)

जेवणाच्या मजकुरात अधिक जपावे लागेल. 'मालवणी फिश करी'तला एम कॅपिटल, कारण गावाच्या नावावरून झालेले विशेषणही ते अक्षर सोडत नाही. 'फिश' आणि 'करी' मात्र स्मॉल. बोंबलाच्या 'बॉम्बे डक' या इंग्रजी नावात बी कॅपिटल आणि डी स्मॉल. सोलकढी कितीही आवडती असली तरी तिचा एस स्मॉलच राहील. मेन्यूकार्डावर पदार्थांची नावे शीर्षकासारखी छापली, तर प्रत्येक शब्द कॅपिटलने सुरू करण्याची पद्धत आहे आणि तेथे ती चालते. सलग वाक्यात चालत नाही.

महिने, वार आणि भाषांची नावे नेहमी कॅपिटल, ऋतू स्मॉल. त्यामुळे पावसाळ्यात होड्या बंद असल्याची सूचना देताना 'जून'चा जे कॅपिटल घ्या, 'मॉन्सून'चा एम नको. 'माय मदर' स्वयंपाक करते, या वाक्यातही एम स्मॉलच; 'माय' गाळून नुसते 'मदर' हे नावासारखे वापरले, तरच तो कॅपिटल होईल.