पाच हजारांत डिजिटल चित्रकला : माझ्या टेबलावर काय काय आहे

तुम्ही विचारलंय की घरी जुना लॅपटॉप आहे, हातात पाच हजार रुपये आहेत आणि छंद म्हणून डिजिटल चित्रं काढायची आहेत. टॅब्लेट (म्हणजे पेननं रेघा ओढायची लॅपटॉपला जोडलेली पाटी) कोणता घ्यावा, सॉफ्टवेअर कोणतं, आणि स्क्रीन नसलेल्या टॅब्लेटवर चित्र खरंच जमतं का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. जमतं. पहिले दहा-बारा दिवस वैताग येतो, कारण हात खाली चालतो आणि रेघ समोर उमटते. मी त्या दिवसांत चित्र काढलंच नाही. रोज किराण्याची यादी त्यावर लिहायची. तूरडाळ, गूळ, उदबत्ती. पहिल्या दिवशीची तूरडाळ कुणालाही वाचता आली नसती, आठवडाभरात मात्र अक्षर माझंच दिसायला लागलं. अक्षर जमलं की रेघ जमते.

मी विमा कार्यालयात नोकरी करते. चित्रं रात्री, जेवणं आटोपल्यावर, त्याच टेबलावर. माझ्याकडे 'वन बाय वॅकॉम'चा छोटा टॅब्लेट आहे. चित्र काढायची जागा १५२ × ९५ मिलिमीटर, म्हणजे पोस्टाच्या कार्डापेक्षा जेमतेम मोठी. दाबाच्या २०४८ पातळ्या, म्हणजे पेन किती जोरात दाबलं ते इतक्या टप्प्यांत ओळखतो. बाजारात ८१९२ पातळ्यांचे टॅब्लेट याच किमतीत मिळतात (ह्युऑन आणि एक्सपी-पेन बघा, दोन्ही चिनी कंपन्या, दोन्ही तुमच्या बजेटात बसतात), पण खरं सांगायचं तर माझ्या हाताला तो फरक कळत नाही. हाताला कळतं ते पेनाचं वजन आणि पृष्ठभागाचा खरखरीतपणा. पेनात सेल नाही ना, एवढं मात्र बघून घ्या. टॅब्लेटच्या पोटातल्या तारा चुंबकीय क्षेत्र तयार करतात, पेनातली गुंडाळी त्यातूनच वीज घेते, त्यामुळे पेन चार्ज करायची भानगड नाही आणि पेन हलकं राहतं.

आता खरा मुद्दा. टॅब्लेट कुठला घेतला यापेक्षा तो लावला कसा, यावर तुमचे पहिले दोन महिने अवलंबून आहेत. माझे दोन महिने वाया गेले. चेहरे काढायची ते सगळे फुगलेले यायचे, गाल सुजल्यासारखे. मी समजत होते हातच वाईट. मग एका रात्री तुपाच्या बरणीचं प्लास्टिकचं झाकण टॅब्लेटवर ठेवलं आणि त्याच्या कडेनं पेन फिरवलं. स्क्रीनवर वर्तुळ नाही, आडवं अंडं! हात निर्दोष सुटला.

कारण साधं आहे. टॅब्लेटची जागा १६:१० प्रमाणात, लॅपटॉपची स्क्रीन १६:९ प्रमाणात. ड्रायव्हर, म्हणजे टॅब्लेट लॅपटॉपशी जोडणारं सॉफ्टवेअर, एक संपूर्ण जागा दुसऱ्या संपूर्ण जागेवर ताणून बसवतो, त्यामुळे प्रत्येक आकार आडवा सुमारे ११ टक्के जास्त पसरतो. ११ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण माणसाच्या चेहऱ्यात तेवढ्यानं मावशीची आत्या होते. उपाय टॅब्लेटच्याच सेटिंगमध्ये असतो, 'फोर्स प्रपोर्शन्स' नावाची चौकट. तिच्यावर टिक केली की तळाची साडेनऊ मिलिमीटरची पट्टी निकामी होते आणि वर्तुळ वर्तुळ होतं. मी त्या पट्टीच्या जागी मार्किंग टेप चिकटवली आहे. (ही चाचणी स्टीलच्या वाटीनं करू नका. धातू जवळ आला की पेनाचा सिग्नल बिघडतो आणि कर्सर थरथरतो. त्याच कारणानं टॅब्लेट लोखंडी कपाटावर ठेवून काम करू नये.)

दुसरी चूक शाळेतली. आपण वही तिरकी धरून लिहितो, तसाच टॅब्लेटही तिरका ठेवला जातो. मग आडवी रेघ चढावाला लागते. टॅब्लेट स्क्रीनला समांतर, तुमच्या बरोबर समोर, आणि कीबोर्ड डाव्या हाताला. विंडोज असेल तर पेन टेकवून क्षणभर थांबलं की एक गोल कडं उमटतं आणि राइट क्लिक होतं. पेनाच्या सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करा, नाहीतर डोळ्यातली बाहुली काढताना दर वेळी मेनू उघडेल.

सॉफ्टवेअर म्हणाल तर क्रिटा. पूर्ण फुकट, मुक्तस्रोत, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर चालतं. स्वीडिश भाषेत 'क्रिटा' म्हणजे खडू, त्यामुळे नाव मला फार आवडतं. आत शंभराच्या वर ब्रश आहेत. त्यांच्या नादी लागू नका. मी वर्षभर तीनच वापरले : एक पेन्सिल, एक शाईचं, एक रुंद. माझ्या टॅब्लेटवर एकही बटण नाही, म्हणून डावा हात सतत कीबोर्डवर असतो. चौकटी कंसांच्या दोन कळांनी ब्रश लहान-मोठा होतो, 'ई'नं खोडरबर, 'एम'नं चित्र आरशात दिसतं. ही 'एम'ची कळ म्हणजे घरातला फटकळ काका आहे. तासभर खपून काढलेला चेहरा एका क्षणात वाकडा दिसतो.

हात कापत असेल तर ब्रशच्या पर्यायांत 'स्टॅबिलायझर' आहे. रेघ जरा मागून येते पण गुळगुळीत येते. शाईच्या रेघांपुरता तो ठीक. कच्च्या रेखाटनात बंद ठेवा, नाहीतर सगळी चित्रं तारेची केल्यासारखी दिसतात.

जुन्या लॅपटॉपची काळजी करताय, तर त्याचा हिशेब देते. ए-फोर कागद ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) २४८० × ३५०८ पिक्सेलचा होतो. पूर्ण रंगवलेला एक लेयर (चित्राचे एकावर एक ठेवलेले पारदर्शक थर असतात, त्यातला एक) साधारण ३५ एमबी मेमरी खातो. वीस लेयर झाले की ७०० एमबी, वर अन्डूचा साठा वेगळा. माझ्या ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपला हे पेलतं, ४ जीबी असेल तर ए-फाइव्हवर, म्हणजे ए-फोरच्या निम्म्या कागदावर, काम करा आणि पटलेले लेयर एकत्र करत चला. आणि कंट्रोल-ऑल्ट-एस लक्षात ठेवा. त्यानं प्रत्येक वेळी नव्या क्रमांकाची वेगळी फाइल सेव्ह होते. वीज गेली, लॅपटॉपची बॅटरी आधीच मेलेली, आणि भाचीच्या बारशाची पत्रिका अर्धी पुसली गेली, तेव्हा मी ही कळ शिकले.

पत्रिकेवरून आठवलं. देवनागरी मजकूर मी क्रिटात लिहीत नाही. चित्र तयार झालं की इंकस्केप नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेते. तेही फुकट, आणि त्यात जोडाक्षरं नीट बसतात. फॉन्ट बहुतेक वेळा 'मुक्ता' किंवा 'बालू', दोन्ही मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे, दोन्ही मोफत.

त्याच पत्रिकेचा मोरपंखी रंग स्क्रीनवर असा झळकत होता की मी स्वतःवरच खूश होते. छापून आली तेव्हा रंग भिजलेल्या निळ्या गणवेशासारखा. छापणाऱ्याशी थोडी हुज्जतही घातली, पण चूक माझीच होती. स्क्रीन प्रकाशाचे तीन रंग मिसळते, छपाई शाईचे चार, आणि झगझगीत निळे-हिरवे शाईत उतरतच नाहीत. क्रिटात 'सॉफ्ट प्रूफिंग' आहे, त्यात छापल्यावर साधारण कसं दिसेल ते आधी बघता येतं. छापायचं असेल तर रंग निवडतानाच ते चालू ठेवा.

बाकीच्या सॉफ्टवेअरची नावं तुमच्या कानावर येतीलच. प्रोक्रिएट देखणं आहे, पैसे एकदाच भरावे लागतात, पण चालतं फक्त आयपॅडवर, आणि कॅनव्हास मोठा केला की लेयरची संख्या कमी होते. क्लिप स्टुडिओ पेंट कॉमिक्स काढणाऱ्यांचं लाडकं. फोटोशॉपला भाडं भरावं लागतं, छंदाला ते परवडत नाही असं माझं मत. फोनवर आयबिसपेंट टाकून बोटानं आठवडाभर गिरवून बघा, खर्च शून्य. स्क्रीनवाला टॅब्लेट मी मैत्रिणीकडे वापरून पाहिलाय. मजा येते, पण मान खाली जाते. ऑफिसात आठ तास वाकल्यावर मला तेही नको झालं.

दोन किरकोळ गोष्टी. निब, म्हणजे पेनाचं टोक, झिजते, आणि झिजताना एका बाजूनं छिन्नीसारखी धारदार होते. तशीच घासत राहिलात तर टॅब्लेटवर चरे पडतात. चिमट्यानं ओढून बदला, जादा निबा खोक्यातच असतात. मे महिन्यात घामानं हात चिकटतो, त्यासाठी दोन बोटांचे हातमोजे विकत मिळतात. मी जुना सुती मोजा कापून करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटावर चढवते. घरचे हसतात.

टॅब्लेट आला की पहिल्या रात्री बरणीच्या झाकणाची चाचणी करा. टिक करूनही अंडंच आलं, तर स्क्रीनचं रिझोल्युशन आणि टॅब्लेटचं मॉडेल लिहून पाठवा, किती मिलिमीटर कापायचे ते मी काढून देते.