विश्वसनीय, पण यथार्थ नव्हे

एका वाचकाची विचारणा अशी : ‘कर्करोग-संशोधनातील आहार-प्रश्नावल्यांची विश्वसनीयता बरी असली तरी वैधता मर्यादित आहे, असे वाक्य वाचले. जे विश्वसनीय आहे ते वैध कसे नाही? आणि येथे “विश्वासार्हता” लिहिले असते तर चालले असते काय?’

दुसरा प्रश्न आधी घेतो. व्युत्पत्तीने पाहिले तर दोन्ही शब्द एकाच अर्थाचे आहेत. ‘वाचनीय’, ‘दर्शनीय’ यांत दिसणारा ‘अनीय’ प्रत्यय योग्यता दाखवतो आणि ‘अर्ह’ म्हणजे पात्र. फरक पडला आहे तो परिभाषेमुळे. मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्र यांच्या मराठी पुस्तकांत ‘विश्वसनीयता’ हा शब्द एका नेमक्या अर्थासाठी रूढ झाला : तेच मोजमाप पुन्हा घेतले असता तेच उत्तर मिळणे. ते उत्तर खरे असण्याची हमी या अर्थात नाही. रोजच्या मराठीत मात्र विश्वसनीय बातमी म्हणजे खरी बातमी, आणि वाचकाचा गोंधळ नेमका येथेच होतो.

प्रश्नावलीतील एकच ओळ पाहा. ‘गेल्या वर्षभरात पालेभाजी किती वेळा खाल्ली?’ असा प्रश्न असतो आणि त्यापुढे ‘कधीच नाही’, ‘महिन्यातून एकदा’, ‘आठवड्यातून दोन ते चार वेळा’ असे रकाने असतात. वर्षभराचे खाणे कोणालाच आठवत नाही. माणूस स्वतःविषयीच्या समजुतीवरून खूण करतो, आणि समजूत सहसा बदलत नसल्यामुळे तीन महिन्यांनी विचारले तरी त्याच रकान्यात खूण करतो. उत्तर स्थिर आहे, म्हणून विश्वसनीय. परंतु ते ताटाचे वर्णन आहे की समजुतीचे, हे त्यावरून कळत नाही, आणि वैधतेचा प्रश्न तोच आहे : जे मोजायचे तेच मोजले गेले काय?

हे पडताळण्यासाठी आठवणीवर न विसंबणारे मोजमाप लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ओपन’ या अभ्यासात ४८४ स्त्री-पुरुषांना जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन असलेले पाणी पाजून, लघवीच्या नमुन्यांवरून त्यांचा ऊर्जाव्यय काढला होता. वजन स्थिर असेल तर खर्च झालेली ऊर्जा आणि खाल्लेली ऊर्जा सारखीच असते. त्या तुलनेत, दोनदा भरून घेतलेल्या प्रश्नावलीत पुरुषांनी ३१ ते ३६ टक्के आणि स्त्रियांनी ३४ ते ३८ टक्के ऊर्जा कमी सांगितली होती. दोन्ही वेळा चूक झाली, आणि जवळपास तेवढीच.

यावर संशोधकांचा एक रास्त बचाव आहे. प्रश्नावलीचे काम कॅलरींचा हिशेब देणे हे नसून कमी खाणारा आणि जास्त खाणारा यांचा क्रम लावणे हे आहे. सर्वांनी सारखेच कमी सांगितले तर क्रम बिघडत नाही. अडचण अशी की अधिक वजनाची माणसे सरासरीने अधिक कमी सांगतात, त्यामुळे क्रमही बिघडतो आणि आहार व कर्करोग यांत खरोखर संबंध असला तरी आकड्यांत तो फिका दिसू शकतो. रोग झाल्यावर विचारले तर आणखी एक दोष येतो, कारण रुग्ण कारण शोधत मागे पाहतो आणि त्याची आठवण निरोगी माणसाच्या आठवणीपेक्षा वेगळी होते. येथे प्रश्न उत्तर देणाऱ्याच्या शब्दाचा असल्यामुळे ‘विश्वासार्हता’ खुशाल लिहावे. त्यात लबाडीचा आरोप मात्र डोकावू नये.

‘वैधता’ हा शब्द मला पसंत नाही. त्याला कायद्याचा वास येतो. परवाना वैध असतो. पाठ्यपुस्तकांतला ‘सप्रमाणता’ त्याहून बरा, पण माझे मत ‘यथार्थता’ या शब्दाला आहे, कारण वस्तू जशी आहे तशी सांगणे हा अर्थ त्यात उघड दिसतो. शोधनिबंधात ‘विश्वसनीयता’ आणि ‘यथार्थता’ ही जोडी ठेवावी. सामान्य वाचकासाठी मात्र ते वाक्य मी असे लिहीन : ‘पुन्हा विचारले तरी लोक बहुधा तेच उत्तर देतात, पण ते उत्तर त्यांच्या प्रत्यक्ष खाण्याशी पुरेसे जुळत नाही.’