'गुड इनिंग्ज' : थट्टा की सांत्वन?

प्रश्न असा आलाय : आजोबा ब्याण्णवाव्या वर्षी गेले, तेव्हा लंडनच्या सहकाऱ्याने 'ही हॅड अ गुड इनिंग्ज' असं कळवलं. आजोबांनी कधी बॅटही धरली नव्हती. मग हे चेष्टेने लिहिलंय का? आणि मराठीत याला काय म्हणायचं?

चेष्टा मुळीच नाही, सांत्वनच आहे. आयुष्य म्हणजे डाव, आणि फलंदाज कधीतरी बाद होणारच. तो किती टिकला आणि काय करून परतला, ते महत्त्वाचं. ब्रिटन-ऑस्ट्रेलियात क्रिकेटशी काडीचा संबंध नसलेल्या माणसाबद्दलही हे सर्रास म्हणतात. (एका डावालाही 'इनिंग्ज'च म्हणतात, तेव्हा त्यातला 'अ' चुकलेला नाही.) १९२६ साली मुंबईत एमसीसी या इंग्लंडच्या संघाविरुद्ध १४८ धावा काढणारे क्रिकेटपटू प्रा. दि. ब. देवधर १८९२ साली जन्मले आणि १९९३ साली गेले. त्यांच्या बाबतीत हे वाक्य दोन्ही अर्थांनी खरं.

वापरताना मात्र वय आणि नातं जपावं लागतं. पन्नाशीत गेलेल्या माणसाला हे लावत नाहीत. हयात म्हाताऱ्याच्या तोंडावर तर नकोच, 'तुमचं आता आटोपलं' असं ऐकू येतं. म्हातारी माणसं स्वतःबद्दल समाधानाने म्हणतात, ते वेगळं. माझ्या मते हे आधी घरच्यांनी म्हणावं, मग बाहेरच्यांनी दुजोरा द्यावा. वय ब्याण्णव असलं तरी कुणाचे तरी वडील गेलेले असतात.

मराठीत 'चांगला डाव खेळले' म्हटलं तर घोटाळाच. आपल्याकडे डाव टाकतात, साधतात, एखाद्यावर उलटवतात. गेलेल्या माणसाने कुणाला तरी फसवलं की काय, असं वाटेल. 'दुसरी इनिंग' आपण रुळवली आहे, पण ती निवृत्तीनंतरच्या आयुष्यासाठी. 'पिकलं पान' चटकन सुचतं, पण त्यात सगळा भर गळण्यावर; माणूस कसा जगला हे त्यात येतच नाही. मला 'भरभरून जगले', 'सगळं पाहून गेले' हे जवळचं वाटतं. आणि घरात पणतू झाला असेल, आजोबांवर सोन्याची फुलं उधळली असतील, तर 'पणतवंडं बघून गेले' यासारखं दुसरं वाक्य नाही. भेटायला आलेली माणसं तेच म्हणतात आणि घरच्यांनाही ते बरं वाटतं.

सहकाऱ्याला 'येस, ही डिड. थँक यू' एवढं उत्तर पुरे.